जुन्या जीपला ३१ इंची टायर : मंगळवेढ्याच्या काळ्या रानासाठी एक्सलचे काम कोठून सुरू करावे?

काळं_रान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे सीजे-३बी घाटणीची जुनी महिंद्र जीप आहे. पुढे-मागे अखंड एक्सल, चारही बाजूंना पाटे आणि मागे डाना ४४ जातीचा सेमी-फ्लोटिंग एक्सल अशी तिची मूळ रचना असून मागचे हब (चाक ज्यावर बसते तो भाग) टेपर, म्हणजे टोकाकडे निमुळत्या शाफ्टवर चावी (घळीत बसणारी लोखंडी पट्टी) आणि मोठा नट लावून बसवलेले आहेत. मागचे झाकण उघडून दात मोजले, तेव्हा क्राऊनला (चाके फिरवणाऱ्या मोठ्या गिअरला) ४३ आणि पिनियनला (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरला) ८ दात निघाले, म्हणजे गुणोत्तर ५.३८ झाले. आधीच्या मालकाने बसवलेल्या डिझेल इंजिनाची नोंद आर.सी. बुकात आहे. सध्याचे टायर ६.००-१६ मापाचे, म्हणजे साधारण २८ इंच उंचीचे आहेत.

माझे शेत मंगळवेढा तालुक्यात डांबरी रस्त्यापासून बरेच आत आहे. जून ते ऑक्टोबर या काळात पाऊस झाला की वाफसा येईपर्यंत त्या वाटेने चालत जाणेही कठीण होते आणि पुढे ऊसतोड सुरू झाली की ट्रॉल्यांच्या चाकांनी चाकोऱ्या इतक्या खोल होतात की मधला उंचवटा थेट डिफरन्शियलच्या, म्हणजे एक्सलच्या मधल्या गिअरपेटीच्या गोळ्याला लागतो. गोळा टेकला की चारही चाके जागच्या जागी फिरू लागतात. शॅकल बदलून किंवा पाटे वाढवून जीपचे शरीर उंच होईल, पण गोळा आहे तेथेच राहील, कारण त्याची जमिनीपासूनची उंची फक्त टायरच्या त्रिज्येवर अवलंबून असते. म्हणून ३१×१०.५ आर १५ हे टायर घालण्याचा विचार आहे, त्याने गोळा दीड इंच वर येईल.

सोलापुरात दोन ठिकाणी विचारणा केली. एका कारागिराच्या मते टायर तसेच घालून चालवावेत, काही होत नाही. दुसऱ्याचे मत असे पडले की दोन्ही एक्सल काढून भंगारातून एखाद्या जड गाडीचे आणून बसवावेत. मला ही दोन्ही टोके पटत नाहीत. नेमका कोणता भाग आधी हार मानतो, तो कशामुळे, आणि पावसाळ्यापूर्वी मर्यादित खर्चात कोणत्या क्रमाने काम करावे, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे ही विनंती.

लेथवरचा_माणूस

आपण दात मोजून आलात, त्यामुळे चर्चेला आधार मिळाला. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत अनेक वर्षे लेथवर काम केले. यंत्रमागाचे आणि साखर कारखान्यांचे शाफ्ट हे माझे रोजचे काम होते आणि त्यांच्या जोडीने जीपचे एक्सलही पुष्कळ हाताखालून गेले.

आधी सेमी-फ्लोटिंग ही रचना नीट समजून घ्यावी. आपल्या मागच्या एक्सलमध्ये शाफ्टला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात : चाक फिरवणे आणि गाडीचे वजन वाहणे. चाक शाफ्टच्याच टोकावर बसलेले असल्यामुळे तो बेअरिंगच्या बाहेर मोडला, तर चाक ड्रमसकट निघून जाते. फुल-फ्लोटिंग रचनेत हब स्वतंत्र स्पिंडलवर दोन टेपर रोलर बेअरिंगांच्या आधाराने फिरतो, वजन तेथेच पेलले जाते आणि शाफ्टला केवळ पीळ सोसावा लागतो. तेथे शाफ्ट मोडला तरी चाक जागेवर राहते आणि गाडी पुढच्या एक्सलवर घरी आणता येते. ट्रकला मागे फुल-फ्लोटिंग का असते, ते यावरून ध्यानात येईल. मोठ्या टायरचा पहिला परिणाम दिसतो तो या वजन वाहण्याच्या कामावर. त्यातही रुंद टायरसाठी आपण बाहेर काढलेल्या रिम घेतल्या किंवा मध्ये स्पेसर घातले, की वजनाची रेषा बेअरिंगपासून दूर सरकते आणि शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात वाकून सरळ होतो. पिळाने मोडणारे शाफ्ट मी पाहिले आहेतच, पण बेअरिंगजवळ असे वाकून वाकून थकलेले त्याहून जास्त पाहिले. त्यांच्या मोडलेल्या तोंडावर कडेकडून आत सरकत गेलेल्या गुळगुळीत लाटांसारख्या रेषा दिसतात आणि शेवटी एका कोपऱ्यात खरखरीत, दाणेदार डाग असतो. तो डाग म्हणजे शेवटच्या दिवशी तुटलेला भाग, बाकीचे सगळे त्याआधीच हळूहळू तुटत आलेले असते.

आपल्या एक्सलमध्ये आणखी एक गोष्ट आहे. दोन्ही शाफ्टांची आतली टोके डिफरन्शियलमधील एका ठोकळ्यावर येऊन टेकतात आणि बाजूचा धक्का त्यातून एका शाफ्टकडून दुसऱ्याकडे जातो. बाहेरच्या टेपर बेअरिंगांचा सैलपणा शिम (पातळ चकत्या) घालून ठरवायचा असतो. हा ठोकळा झिजलेला असला किंवा कोणी लॉकर (दोन्ही चाके एकत्रच फिरायला लावणारी यंत्रणा) बसवताना तो काढून टाकला, तर बेअरिंग कितीही वेळा बदला, आवाज परत येतो.

म्हणून नवीन काही विकत घेण्यापूर्वी दोन्ही मागचे शाफ्ट बाहेर काढा. टेपरवर चावीच्या घळीच्या कोपऱ्यातून केसासारखी चीर निघाली आहे का, ते रॉकेलने स्वच्छ धुऊन आणि त्यावर खडूची पूड लावून पाहा. चीर असेल तर तिच्यात मुरलेले तेल थोड्या वेळाने खडूवर काळी रेघ उठवते. स्प्लाइनचे, म्हणजे शाफ्टच्या आतल्या टोकावरच्या उभ्या खाचांचे दात सरळ आहेत की एका बाजूला पिळले आहेत, तेही पाहा. सगळे ठीक असेल तर शाफ्टच्या संपूर्ण लांबीवर पांढऱ्या ऑइल पेंटची एक बारीक सरळ रेघ मारून मगच तो परत बसवा. पुढच्या वर्षी काढल्यावर ती रेघ सरळ राहिली असेल तर शाफ्टने ताण पचवला, आणि मळसूत्रासारखी वळलेली दिसली तर त्याला निवृत्त करण्याची वेळ आली असे समजावे.

धातुपरीक्षा

काकांनी सांगितलेली पांढरी रेघ आम्ही विद्यार्थ्यांनाही शिकवतो. मी धातुशास्त्र शिकवते, त्यामुळे पिळाच्या बाजूचे थोडे गणित मांडते. टायर मोठा केल्याने शाफ्टवरचा ताण किती वाढतो, याबद्दल बहुतेकांचा अंदाज चुकतो.

भरलेल्या जीपचे मागच्या एक्सलवरचे वजन ८०० किलो धरू, म्हणजे एका चाकावर ४०० किलो आले. कोरड्या मुरमावर पकडीचा गुणांक ०.८ धरला, तर ते चाक जमिनीला सुमारे ३,१४० न्यूटनपेक्षा अधिक जोर लावू शकत नाही. त्यापुढे ते घसरते. या जोराला टायरच्या त्रिज्येने गुणले की शाफ्टवरचा पीळ मिळतो. २८ इंची टायरची त्रिज्या ०.३५६ मीटर, म्हणून पीळ सुमारे १,१२० न्यूटन-मीटर. ३१ इंचीची ०.३९४ मीटर, म्हणून १,२४० न्यूटन-मीटर. वाढ ११ टक्क्यांच्या आसपास आहे. इंजिन कितीही ताकदीचे असले आणि लो गिअर कितीही खालचा असला, तरी सावकाश चालवताना शाफ्टवर यापेक्षा जास्त पीळ येत नाही, कारण जमीनच तो घेऊ देत नाही. शिवाय साधे डिफरन्शियल दोन्ही शाफ्टांना सारखाच पीळ देते, म्हणजे एक चाक चिखलात असेल तर दुसऱ्याही शाफ्टवर तेवढाच अल्प पीळ येतो.

आता त्याच एक्सलमध्ये लॉकर बसवला किंवा डिफरन्शियल वेल्डिंगने जाम केले, असे समजा. एक चाक हवेत आणि ८०० किलो दुसऱ्या चाकावर, असा प्रसंग ओढ्याच्या काठावर सहज येतो. तेव्हा एकट्या शाफ्टवर सुमारे २,४८० न्यूटन-मीटर येतात. टायरने अकरा टक्के वाढवलेला ताण लॉकरने दुप्पट केला. म्हणून "कोणत्या टायरला कोणता शाफ्ट" या प्रश्नाआधी "लॉकर बसवायचा आहे का" हा प्रश्न विचारावा, असे माझे ठाम मत आहे.

शाफ्टच्या बाजूचे आकडेही पाहू. गोल शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. २६ मिलिमीटरच्या जागी ३० मिलिमीटर केले, तर व्यास १५ टक्क्यांनी वाढतो आणि ताकद ५४ टक्क्यांनी. धातूचा फरक याहून मोठा असतो. साध्या, नॉर्मलाइज केलेल्या ईएन-८ पोलादाचा ३० मिलिमीटरचा शाफ्ट साधारण ८६० न्यूटन-मीटरला कायमचा पिळायला लागतो. तोच शाफ्ट ईएन-२४ पोलादाचा आणि हार्डनिंग-टेम्परिंग केलेला असेल, तर २,००० न्यूटन-मीटरपर्यंत टिकतो. म्हणजे बाजारातून ईएन-८ची कांब आणून नमुन्याप्रमाणे कातून घेतलेला शाफ्ट आपल्या सध्याच्या २८ इंची टायरलाही पुरणार नाही. कंपनीचे मूळ शाफ्ट टिकतात त्याचे श्रेय नुसत्या धातूच्या नावाला देता येत नाही. ते फोर्ज केलेले असतात, त्यामुळे धातूचे तंतू शाफ्टच्या आकाराबरोबर वळलेले असतात, आणि वरचा थर इंडक्शनने कठीण केलेला असतो. सोलापुरात नवा शाफ्ट करून घ्यायचा असेल, तर उष्णतोपचार कोठे झाला आणि कठीणता किती आली, याचा लेखी दाखला मागावा. दाखला देता येत नसेल त्या ठिकाणी काम देऊ नये.

सिद्धेश्वर_पेठ

ताई, गणित पटले, पण अनुभव वेगळे सांगतो. आमच्या ओळखीतल्या दोन जीपांचे शाफ्ट मोठे टायर घातल्यावर गेले आणि त्यांपैकी एकीलाही लॉकर नव्हता. ११ टक्क्यांनी शाफ्ट मोडत असेल, तर तो मुळातच काठावर होता असे म्हणावे लागेल. मग तसे का झाले?

धातुपरीक्षा

प्रश्न अगदी योग्य आहे. वरचे गणित सावकाश, अखंड लावलेल्या जोराचे होते आणि शाफ्ट बहुधा हिसक्याने मोडतो.

काळ्या मातीत काय घडते ते पाहा. चाक रुतते, चालक पाय दाबतो, टायरच्या खाचा मातीने भरून ते गुळगुळीत होते आणि वेगाने फिरू लागते. या क्षणी शाफ्टवर पीळ जवळजवळ नसतो. मात्र फिरणाऱ्या चाकात, प्रोपेलर शाफ्टमध्ये (गिअरबॉक्सकडून एक्सलकडे जाणाऱ्या लांब दांड्यात) आणि इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये ऊर्जा साठलेली असते. खरडत खरडत चाक खालच्या मुरमाला किंवा एखाद्या दगडाला लागते आणि क्षणात थांबते. साठलेली सगळी ऊर्जा तेव्हा एकाच ठिकाणी, शाफ्टच्या सर्वांत अरुंद जागी येऊन आदळते. टायरचे वजन महत्त्वाचे ठरते ते येथे. चाकाचे जडत्व वजन आणि त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराने वाढते. चाक दीडपट जड झाले आणि त्रिज्या ११ टक्क्यांनी वाढली, तर जडत्व सुमारे १.८ पट होते. आपल्याकडची ओली काळी माती टायरला आणि रिमच्या आत चिकटून जी भर घालते, ती वेगळीच.

या कारणाने चांगल्या शाफ्टचा मधला भाग मुद्दाम स्प्लाइनच्या खाचेच्या तळाइतका बारीक केलेला असतो. जाडी कमी केल्यावर शाफ्ट कमकुवत होईल असे वाटते, पण तसे होत नाही, कारण सर्वांत कमी व्यास आधीच स्प्लाइनच्या तळाशी असतो. उलट संपूर्ण लांबीने थोडे थोडे पिळून परत यायला जागा मिळते आणि हिसका एका खाचेवर एकवटत नाही. अखंड जाड कांबेला टोकाला नुसते दात कापून दिलेला शाफ्ट दिसायला भक्कम असतो आणि नेमका पहिल्या दाताच्या मुळाशी तुटतो.

बार्शीकर_४x४

गिअरच्या गुणोत्तराबद्दल लिहितो. धागाकर्त्यांचे येथे मोठे काम टळले आहे. ५.३८ गुणोत्तरावर ३१ इंची टायर घातले की ओढीच्या दृष्टीने गाडी २८ इंची टायर आणि ४.८६ गुणोत्तर असल्यासारखी चालेल. डाना ४४ मध्ये कारखान्यातूनच ४.८८ हे गुणोत्तर मिळत असे, तेव्हा डिझेल इंजिनाला हे जड जाणार नाही. ज्यांच्या एक्सलमध्ये ४.२७ किंवा ३.७३ आहे, त्यांनी मात्र मोठ्या टायरबरोबर क्राऊन-पिनियन बदलण्याचा खर्च गृहीत धरावा. तो टाळला की लो गिअरमध्येही क्लच सोडताना गाडी गुरगुरते, चालक क्लच जाळत चढतो आणि हिसके वाढतात. डाना ४४ मध्ये ३.७३ पर्यंतची आणि ३.९२ पासून वरची गुणोत्तरे यांसाठी डिफरन्शियलची केस वेगवेगळी लागते, म्हणून नुसता क्राऊन-पिनियनचा जोड विकत आणून बसेलच असे नाही.

बदल करणाऱ्यांनी पुढच्या आणि मागच्या एक्सलचे गुणोत्तर एकच ठेवावे, हे सांगावे लागते कारण भंगारातून एकच एक्सल उचलणारे पुष्कळ आहेत. दोन्हीकडे वेगळे गुणोत्तर ठेवून फोर व्हील लावले, तर कठीण जमिनीवर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारी गिअरपेटी) आणि दोन्ही प्रोपेलर शाफ्ट एकमेकांविरुद्ध ताणले जाऊन काहीतरी तुटते. झाकण न उघडता तपासायचे असेल, तर गाडी न्यूट्रलला ठेवून, बाकीच्या चाकांना दगडाची ओट लावून मागचे एकच चाक उचला आणि ते दोन पूर्ण फेरे फिरवा. प्रोपेलर शाफ्टचे जेवढे फेरे होतील, तेवढे गुणोत्तर. साध्या डिफरन्शियलला हा हिशेब लागू पडतो. पुढचा एक्सल असा तपासताना फ्री व्हीलिंग हब (पुढचे चाक शाफ्टला जोडणारे-सोडणारे हब) लॉक करायला विसरू नये.

पाणंद

मी शेतकरी आहे आणि माझा आक्षेप मूळ टायरच्या निवडीवरच आहे. १०.५ इंच रुंदीचा टायर वाळूत उत्तम चालतो, कारण तेथे तरंगायचे असते. आपल्या पाणंदीत वरची वीत-दीड वीत माती ओली आणि खाली घट्ट थर, अशी स्थिती बहुतेक वेळा असते. तेथे अरुंद आणि उंच टायर माती कापून खालच्या थराला टेकतो. ट्रॅक्टरचे पुढचे टायर पाहा, ते उगाच अरुंद ठेवलेले नाहीत. रुंद टायर वरच्या लेपावरच फिरत राहतो आणि मातीचा थर गुंडाळून फेंडरच्या आत घासू लागतो. भीमेकाठच्या भारी काळ्या जमिनीत, जेथे पुरुषभर खोल गेले तरी मुरूम लागत नाही, तेथे माझे म्हणणे लागू होत नाही. तेथे पावसात कोणत्याच टायरने जाऊ नये. माती वाफशावर येईपर्यंत थांबावे, कारण त्या वेळी पाडलेली चाकोरी पुढे वर्षभर सगळ्या शिवाराला भोगावी लागते.

म्हणून ३१×१०.५ ऐवजी ७.००-१६ या टायरचा विचार करावा. त्याची उंची सुमारे ३०.५ इंच असते, म्हणजे गोळा सव्वा इंच, अर्थात ३२ मिलिमीटर वर येतो. ३१ इंचीने ३८ मिलिमीटर आला असता. फरक अवघा सहा मिलिमीटरचा आहे. वजन कमी, रिम बाहेर काढावी लागत नाही आणि हा टायर पिकअप-टेम्पोसाठी सगळीकडे मिळतो. फक्त सध्याची रिम त्याला पुरेशी रुंद आहे का, हे टायर निर्मात्याच्या तक्त्यात पाहून घ्यावे.

जिप्सीस्वार

पाणंद दादांशी मी सहमत आहे, मात्र पुढच्या एक्सलबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून माझी भर. माझ्याकडे जिप्सी आहे. तिचेही दोन्ही एक्सल अखंड आणि पाट्यांवर आहेत. तिच्या पुढच्या शाफ्टच्या टोकाला बर्फील्ड जातीचा, गोळ्यांवर फिरणारा जॉइंट असतो. मोठ्या टायरने तो सरळ चालताना सहसा मोडत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना, रिव्हर्समध्ये आणि पाय दाबून चढाई करताना मोडतो, कारण त्या कोनात सगळा भार मोजक्या गोळ्यांवर येतो. यू-जॉइंटच्या क्रॉसचीही तीच गत असते : कोन वाढला की कप बाहेर ढकलला जातो. पुढच्या शाफ्टचे आयुष्य वाढवण्याचा बिनखर्चाचा उपाय म्हणजे स्टिअरिंग शेवटच्या टोकापर्यंत नेऊन जोर लावू नये, आणि नकलवरचे (चाक वळवणाऱ्या सांध्यावरचे) स्टॉप बोल्ट थोडे बाहेर काढून वळण किंचित कमी करावे. त्याने गाडी थोडी लांबून वळते.

याशिवाय किंगपिनची (पुढचे चाक ज्या खिळीवर वळते तिची) बेअरिंगे, टाय रॉडचे गोळे आणि स्टिअरिंग बॉक्स यांचा सैलपणा २८ इंची टायरमध्ये जाणवत नाही आणि मोठ्या टायरमध्ये ताशी ५० ते ६० किलोमीटरला पुढचा एक्सल थरथरू लागतो. मोहोळच्या बाजूने महामार्गावर येताना ही थरथर किती धोक्याची असते, ते ज्याने अनुभवले तो विसरत नाही. टायर घेण्याआधी हे सगळे पक्के करा.

काळं_रान (धागाकर्ता)

एवढ्या तपशिलाने लिहिल्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. एक शंका आहे. माझ्या भावाने घेतलेल्या नव्या थारला कंपनीतूनच २५५/६५ आर १८ टायर आले आहेत आणि हिशेब केला तर ते ३१ इंच भरतात. तिच्या मागच्या एक्सललाही चाकच शाफ्टवर आहे. तिला जे चालते, ते माझ्या जीपला का चालू नये?

बार्शीकर_४x४

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या थारची गोष्ट वेगळी आहे. त्या गाडीचे शाफ्ट, बेअरिंगे, डिस्क ब्रेक, स्टिअरिंग आणि एबीएसची गणिते याच उंचीच्या टायरसाठी एकत्र आखलेली आहेत. आपल्या जीपचा आराखडा १९५३ साली आलेल्या विलीज सीजे-३बीचा आहे आणि तेव्हाचे टायर, तेव्हाचा वेग धरून तो केलेला आहे. आपल्या प्रश्नाच्या उलट प्रश्नही मला अनेक जण विचारतात : थारला ३३ इंची घालावेत का? पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या त्या गाडीला उंच करून मोठे टायर घातले की सीव्ही जॉइंटचे (पुढच्या शाफ्टच्या वळणाऱ्या सांध्याचे) कोन वाढतात आणि त्यावरचे रबरी बूट फाटतात. ज्यांना ३३ हवेच आहेत, त्यांनी ब्रेकपासून स्टिअरिंगपर्यंत सगळी गाडी नव्याने बांधायची तयारी ठेवावी.

आपल्या बाबतीत ब्रेकचा मुद्दा राहिला होता. ड्रम तेच आणि टायरची त्रिज्या वाढलेली, तेव्हा पायाने तेवढाच दाब दिला तरी जमिनीवर पोचणारा ब्रेकचा जोर ३१ इंचीला सुमारे १० टक्क्यांनी आणि ३०.५ इंचीला ८ टक्क्यांनी कमी होईल. नवे लायनर आणि नीट अ‍ॅडजस्ट केलेले शू हे या कामाचाच भाग समजा. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६५-६६ ने धावत असेल.

एमएच१३_नोंदणी

कायद्याची बाजूही लक्षात असू द्या. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) मध्ये प्रत्येक बेकायदा बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून दुसऱ्या गाडीचे एक्सल बसवण्याचा सल्ला मानू नये. त्याच रचनेचा, त्याच मापाचा पण चांगल्या प्रतीचा शाफ्ट बसवणे ही दुरुस्ती आहे, अख्खा एक्सल बदलणे हा बदल आहे. टायरचे मापही आरटीओत आधी विचारूनच ठरवा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर हा विषय निघाला तर दावा अडकतो.

काळं_रान (धागाकर्ता)

काल दोन्ही शाफ्ट काढले. उजवा शाफ्ट स्वच्छ आहे. डाव्याच्या चावीच्या घळीच्या आतल्या कोपऱ्यातून खडूवर साधारण बोटाच्या पेराएवढी काळी रेघ उठली. म्हणजे टायर न बदलताही तो केव्हा ना केव्हा गेला असता. आता ठरवले आहे ते असे : आरटीओत विचारून परवानगीचे उत्तर मिळाले तर ७.००-१६ टायर, लॉकर नाही, डावा-उजवा दोन्ही शाफ्ट मूळ मापाचे पण ईएन-२४ मध्ये उष्णतोपचाराच्या दाखल्यासह, नवी बेअरिंगे, मधला ठोकळा तपासून, आणि ब्रेक व किंगपिनचे काम टायरच्या आधी. दोन शंका उरल्या. एक्सलच्या नळीला खालून पट्टी वेल्ड करून मजबुती द्यावी का? आणि माण नदी ओलांडल्यानंतर मागच्या एक्सलचे तेल पांढरे झालेले मला आढळले आहे, त्याला काय करावे?

लेथवरचा_माणूस

वेल्डिंग तूर्त करू नका. मधला गोळा ओतीव आणि नळ्या त्यात दाबून बसवलेल्या असतात. नळीच्या एकाच बाजूला अखंड टाका मारला की थंड होताना ती त्या बाजूला ओढली जाते आणि सरळ असलेला एक्सल आपणच वाकडा करून ठेवतो. मग बेअरिंगे खातात आणि टायर आतून झिजतात. ३३ इंची टायर आणि उड्या मारणारी गाडी असेल, तर आत सरळ दांडा घालून, थोडे थोडे, बाजू बदलत वेल्डिंग करावे लागते. आपल्या टायरला त्याची गरज नाही. शाफ्ट बाहेर आहेतच, तर दोन्ही नळ्यांतून एक सरळ दांडा आरपार जातो का, तेवढे पाहून घ्या.

शाफ्ट बसवताना टेपर आणि हबचे भोक दोन्ही कोरडे, तेल नसलेले असावेत. निळा रंग लावून हब बसवून काढा आणि तीन-चतुर्थांशाहून जास्त भागावर रंग सारखा उमटतो का, ते तपासा. फक्त टोकाला उमटत असेल, तर सगळा भार चावीवर जाईल आणि नव्या शाफ्टच्या घळीतही तीच चीर पडेल. अशा वेळी हबही बदलावा लागेल. थोड्या वापरानंतर मोठा नट पुन्हा ताणून नवी स्प्लिट पिन घाला. पिनचे भोक जुळत नसेल तर नट पुढे न्यावा, मागे सोडू नये.

पांढऱ्या तेलाचे कारण ब्रीदर, म्हणजे एक्सलमधील हवा आत-बाहेर जाण्याचे छिद्र आहे. रस्त्यावरून तापून आलेला एक्सल गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बंद असेल तर ती हवा सीलच्या ओठातून पाणी आत ओढते. ब्रीदरच्या जागी नळीची टोपी लावून तेल सोसणारी रबरी नळी चेसिसच्या वर, शक्य तर टपाच्या कमानीपर्यंत न्या आणि तिचे तोंड खाली वळवा. पुढच्या एक्सललाही तसेच करा. सध्याचे तेल पूर्ण काढून, थोडे ताजे तेल घालून चाके फिरवून तेही काढून टाका आणि मग ८०डब्ल्यू-९०, जीएल-५ प्रतीचे नवे तेल भरा. पांढऱ्या तेलात गाडी किती दिवस चालली ते ठाऊक नसल्यामुळे पिनियनची बेअरिंगे एकदा हाताने फिरवून पाहा. खरखर लागली तर या उन्हाळ्यातच ती बदलून घ्या, कारण त्यासाठी डिफरन्शियल पुन्हा उघडावे लागेल आणि क्राऊनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळी हालचाल) डायल गेजवर ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान नव्याने बसवावा लागेल.